मूळ आणि प्रत

मुलगी आत आली तेव्हा वहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या. खाली एक माणूस गाडी मागे घेत होता.

"पुन्हा त्याच खांबाला घासली," वहिनी म्हणाल्या. "खांब बाजूला होईल अशी आशा दिसतेय त्याला. बस गं. भावोजी, खुर्ची द्या तिला. पेपर उभ्यानेही वाचता येतो."

भावोजी उठले. ते वहिनींचे धाकटे दीर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यापासून भावजयीला तपासात मदत करू लागले. मदत हा शब्द त्यांचा. वहिनी पूर्वी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायच्या. तिथे रोज खोटं ऐकून ऐकून माणसांबद्दल त्यांचं जे मत झालं, ते स्वतःची तपाससंस्था काढल्यावरही सुधारलं नाही. उलट आता त्या मताचे पैसे मिळत होते.

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी संकलक आहे. चित्रपटाचे तुकडे जोडून सलग चित्रपट करते. म्हणजे करत होते. मला काढलंय. मी हार्ड डिस्क पाडून मोडली म्हणून."

"पाडलीस?"

"हो." तिने मान खाली घातली. "हातातून निसटली. पण तेवढ्याने ती मोडली, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि मालकांनी गावातल्या तिन्ही स्टुडिओंना फोन करून सांगितलंय, या मुलीच्या हातात वस्तू देऊ नका. मला आता कुणी दारात उभं करत नाही. दुसरं काही येतही नाही मला."

"आधी रडून घ्यायचंय की आधी सांगायचंय?"

"सांगते," मुलगी म्हणाली, आणि तिचं रडू थांबलंच. वहिनींच्या तुसडेपणाचा एवढा एक फायदा होता.

हकिगत अशी. एका संग्रहालयासाठी दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदारावर चित्रपट होत होता. चित्रीकरण संपलं आणि रखवालदार वारला. सगळं चित्रीकरण आणि तयार चित्रपट एका डिस्कच्या पेटीत होता. पेटीत दोन डिस्क आहेत असं सांगत, आणि कॉम्प्युटरवर तिचे दोन विभाग दिसत. एकाचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'प्रत'. रोज काम झालं की मूळमधलं प्रतमध्येही टाकायचं, असा नियम.

"मूळमधून चित्रपट सरळ चालायचा, प्रतमधून अडखळायचा," मुलगी म्हणाली. "तीच फाईल, तरी. म्हणून मी चहाच्या वेळी तंत्रज्ञांना विचारलं, एकाच डिस्कचे दोन भाग केलेत का? दिग्दर्शकही होते तिथे. तंत्रज्ञ हसले आणि उठून गेले."

"तंत्रज्ञ कोण?"

"मालकांचे मेहुणे. तांत्रिक प्रमुख."

"मेहुणा म्हटल्यावर प्रमुख असायचाच. पुढे?"

"शेवटचे दोन दिवस डिस्क फारच रखडत होती. चित्र दोन पावलं चालायचं आणि गोठायचं. डिस्क काठोकाठ भरली होती, म्हणून असेल असं मला वाटलं. तंत्रज्ञ म्हणाले, म्हातारी झालीय, शेवटच्या घटका मोजतेय. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या सुमारास ती एकदम सुरळीत झाली. काहीच झालं नसल्यासारखी."

"आणि मग?"

"मग मी शेवटचा बदल केला." मुलीचा आवाज प्रथमच स्थिर झाला. "चित्रपटाच्या शेवटी रखवालदाराला विचारलंय, आता तुमची वाट कोण बघतं? तो बराच वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, दिवा. दिग्दर्शकांनी ती शांतता कापायला लावली होती. त्या संध्याकाळी खूप भांडून मी परवानगी मिळवली आणि ती पूर्ण परत घातली. त्याच नावावर जतन केलं, कारण जुनं वेगळं ठेवायला जागाच नव्हती. मग प्रतमध्येही टाकलं. डिस्क बंद केली, जाड अस्तराच्या पिशवीत घातली आणि कपाटात ठेवताना पिशवी निसटली. गुडघ्याएवढ्या उंचीवरून, गालिच्यावर. दिग्दर्शक बघून हसले. सगळ्यांना सांगितलंही त्यांनी."

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या लोकांना चित्रपट दाखवायचा होता आणि दुसऱ्या प्रतीची डिस्क त्यांच्या हवाली करायची होती. सकाळी डिस्क जोडली तर ती नुसती टकटक करू लागली. मेहुण्याने ती आपल्या खोलीत नेली, दार लावलं, आणि बाहेर आला तो चित्रपट वाचवूनच. संध्याकाळी खेळ झाला, टाळ्या पडल्या, मेहुण्याचा सत्कार झाला. मुलीला काढलं.

"एरवी ती अख्खी डिस्क दुसरीकडे उतरवायची तर किती वेळ लागतो?" वहिनींनी विचारलं.

"धडधाकट असताना? रात्रभर लावून ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं."

वहिनींनी भावोजींकडे पाहिलं. भावोजी कोड्याचा आडवा शब्द शोधत होते.

स्टुडिओच्या मालकाने दोघांना मोठ्या खोलीत बसवलं. भिंतीवर त्याचे स्वतःचेच फोटो होते. बाकीच्यांचे काढण्याइतकं कौतुक त्याला कुणाचं नसावं.

"विम्याकडून आलात का?" त्याने विचारलं.

"विम्याच्या कामाचा अनुभव आहे," वहिनी म्हणाल्या. हे खरंच होतं.

"मुलगी हुशार होती हो, पण आगाऊ. चित्रपटात आपलं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे म्हणे. आणि हात बघा कसे! नशीब, आमची व्यवस्था चोख. आमच्याकडे प्रत्येक कामाच्या दोन प्रती असतात."

"दुसरी प्रत कुठे असते?"

"त्याच पेटीत. शोधाशोध नको."

"घराची दुसरी किल्ली तुम्ही घरातच ठेवता वाटतं?"

"अर्थात," मालक म्हणाला. "बाहेर ठेवली तर चोरीला जाईल."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. भावोजींना ते म्हणणं पटलं होतं.

"पेटीत दोन डिस्क आहेत, हे तुम्ही पाहिलंय?"

"मेहुण्याने सांगितलंय ना. मला ते कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही. माझं काम दूरदृष्टीचं."

कपाटाची किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात असे. खणाला कुलूप नव्हतं, आणि हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

दिग्दर्शक शेजारच्या खोलीत आरशासमोर गळ्यातला रुमाल नीट करत होता. मुलाखत द्यायची होती म्हणे. कुणाला, ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

"तुमचं आणि तिचं भांडण झालं होतं?" वहिनींनी विचारलं.

"मतभेद. त्या म्हाताऱ्याची लांबलचक शांतता तिला हवी होती. मी म्हटलं, लोक झोपतील. पण शेवटी मोठ्या मनाने ठेवू दिली. आणि खेळाच्या दिवशी काय सांगू! ती शांतता सुरू झाली आणि सभागृह स्तब्ध! माझा निर्णय बरोबर ठरला."

"मेहुण्यांनी वाचवलेला चित्रपट पूर्ण आहे?"

"पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत. माझी कलाकृती मी ओळखणार नाही?"

"डिस्क मोडली तर तुमचं काही अडत होतं?"

"माझं? मीच सगळ्यांना सांगितलं ती पडल्याचं. त्याच संध्याकाळी, जिन्यात. सगळे हसले."

"कोण कोण?"

"मालक होते. मेहुणे होते. मेहुणे तर पुन्हा सांगा म्हणाले. इतकं आवडलं त्यांना."

मेहुण्याच्या खोलीत चार पडदे होते आणि त्यातले तीन बंद होते. तो पाहुण्यांसाठी उठला नाही. उठणं त्याच्या हुद्द्यात बसत नसावं.

"सोप्या भाषेत सांगतो, म्हणजे बाईंना समजेल," तो म्हणाला. "डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं मन."

"बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, लक्ष द्या."

"त्या मुलीने पाडली आणि मन गेलं. सकाळी मी नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी येऊन स्टुडिओ उघडला. संकलनाच्या खोलीत डिस्क जोडली तर टकटक. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. मी जेवण झाल्यावर बसलो आणि चहाला बाहेर आलो तो अख्खी डिस्क घेऊन! एक फाईल सुटली नाही. दाजी तर बघतच राहिले."

"इतक्या लवकर कसं जमलं?"

"नवी डिस्क." त्याने खणातून एक चपटी, काळी वस्तू काढून मिरवली. "हिच्यात फिरणारा भागच नाही. विजेसारखी चालते. मी नेहमी तयारीत असतो."

"वा!" भावोजी म्हणाले.

"आणि मेलेली डिस्क?"

"फोडून भंगारात. गोपनीयता असते."

"ती बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधीच्या दिवशी तुम्ही त्या डिस्कला हात लावला होता? दुरूनसुद्धा, तुमच्या कॉम्प्युटरवरून?"

"बिलकुल नाही. मला काय कामं नाहीत?"

वहिनींनी वाचलेला चित्रपट पाहायला मागितला. मेहुण्याने मोठ्या उदारपणे लावून दिला. शेवटी रखवालदाराला विचारलं गेलं, आता तुमची वाट कोण बघतं? म्हाताऱ्याने डोळे मिचकावले आणि लगेच म्हणाला, दिवा. चित्र स्वच्छ होतं. कुठे ओरखडा नाही, खळगा नाही.

भावोजींनी टाळी वाजवली आणि मग एकट्याचीच आहे हे कळून हात खिशात घातले.

"दिग्दर्शक!" कार्यालयात परतल्या परतल्या भावोजी म्हणाले. "सरळ आहे, वहिनी. त्याला ती शांतता नको होती आणि आता ती चित्रपटात नाही. फायदा कुणाला, तर त्याला."

"आणि तीच शांतता ऐकून सभागृह स्तब्ध झालं असं आपल्याला कोण सांगत होतं?"

भावोजी थांबले. "तोच की."

"चोरलेली वस्तू गेलीय हे ज्याला माहीतच नाही, तो चोर कसा? स्वतःचा चित्रपट बघताना तो लोकांचे चेहरे बघत बसला असणार. मूर्ख आहे, पण निर्दोष आहे. जगात तशी पुष्कळ माणसं असतात."

त्यांनी टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली एक जुनी डिस्क उचलली. वरचं झाकण काढलेलं होतं. आत चकचकीत तबकडी आणि तिच्यावर आडवा आलेला बारीक दांडा.

"भूगोलवाले, इकडे बघा. तबकडी फिरते. दांड्याच्या टोकाला वाचणारं डोकं. चालू असताना ते तबकडीच्या केसभर वर तरंगतं. तेव्हा धक्का बसला तर ते तबकडीवर आपटतं आणि ती खरवडून काढतं. बंद केली की दांडा बाजूला जाऊन बसतो. मग लहानसहान आपट्याने सहसा काही होत नाही."

"आणि गालिचा, अस्तराची पिशवी..."

"आलात रस्त्यावर. आता फिरवा. पृथ्वीसारखीच आहे. बाहेरची कडा आणि आतली कडा एकाच वेळात एक फेरा पुरा करतात, पण जास्त अंतर कोण कापतं?"

"बाहेरची!" भावोजी खूश झाले. "विषुववृत्तावर वेग जास्त."

"म्हणून बाहेरच्या भागातलं भरभर वाचता येतं आणि आतल्या भागातलं सावकाश. 'मूळ' बाहेर, 'प्रत' आत. तबकडी तीच. त्या मुलीने चहा पिता पिता ओळखलं ते हे."

"म्हणजे दुसरी प्रत नव्हतीच?"

"एकाच खिशात दोन पाकिटं ठेवून खिसेकापूला फसवलं म्हणणाऱ्या माणसाची व्यवस्था ती. उद्या मुलीला घेऊन स्टुडिओत या. आणि भावोजी, टाळ्या वाजवू नका."

सगळे मोठ्या खोलीत जमले. मालक, दिग्दर्शक, मेहुणा. मुलगी दाराजवळ उभी राहिली. तिला कुणी बसा म्हटलं नाही, म्हणून वहिनींनी मालकाच्या शेजारची खुर्ची ओढून तिला बसवलं.

"वाचवलेल्या चित्रपटाचा शेवट लावा," त्या म्हणाल्या.

मेहुण्याने लावला. म्हाताऱ्याने डोळे मिचकावले. दिवा, म्हणाला.

"हे जुनं आहे!" मुलगी उठून उभी राहिली. "शांतता कुठे गेली?"

दिग्दर्शक पडद्याकडे पाहत राहिला. "हो की," तो म्हणाला.

"खेळाच्या दिवशी तुम्ही हेच पाहिलंत," वहिनी म्हणाल्या. "असो. आता बघा. त्या संध्याकाळी हिने नवा शेवट त्याच नावावर जतन केला, मूळमध्येही आणि प्रतमध्येही. म्हणजे त्या क्षणापासून हा जुना शेवट त्या डिस्कवर फाईल म्हणून कुठेच नव्हता. मग मेलेल्या डिस्कवरून तो आला कुठून?"

"डिस्क खराब होती," मेहुणा म्हणाला. "शेवटचा तुकडा गेला असेल."

"तुकडा गेला असता तर चित्र फाटलं असतं, खळगा पडला असता. इथे जुना चित्रपट धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे. तो उतरवला गेला हिने बदल करण्याआधी. डिस्क जिवंत असताना."

"कुणी?" मालकाने विचारलं. प्रश्न विचारताना तो मेहुण्याकडेच बघत होता, हे त्याच्या बुद्धीच्या मानाने पुष्कळ होतं.

"दोन दिवस डिस्क का रखडत होती? वाचणारा दांडा एकच. ही इथे चित्रपट बघतेय आणि त्याच वेळी कुणीतरी आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून अख्खी डिस्क उतरवतोय. दांडा बिचारा एकदा इकडे धावतो, एकदा तिकडे. दोन सासवांच्या एकुलत्या सुनेसारखी गत. दोघींचं काम होत नाही. मधल्या रात्रीही खणातल्या किल्लीने कपाट उघडून ते चालू ठेवलं, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी उतरवणं संपलं आणि डिस्क एकदम तरुण झाली. म्हातारपण असं चहाच्या वेळी उतरत नाही."

"मी जेवणानंतर उतरवली," मेहुणा म्हणाला. "नवी डिस्क विजेसारखी..."

"बादली केवढीही मोठी आणा, नळ ठिबकत असेल तर ती ठिबकतच भरणार. धडधाकट असताना ती डिस्क उतरवायला रात्र आणि वर दुसरी दुपार लागते. डोकं आपटलेली, टकटक करणारी डिस्क तुम्ही जेवण आणि चहा यांच्यामध्ये उतरवलीत? त्या बंद दाराआड तुम्ही काय केलंत ते सांगू? बसलात."

दिग्दर्शक हसला. वहिनींनी पाहताच थांबला.

"पण का?" मालक म्हणाला. "माझ्याच स्टुडिओत, माझाच मेहुणा..."

"कारण तुमच्या दोन प्रती म्हणजे एकाच डिस्कचे दोन भाग होते. दुसरी डिस्क नव्हतीच. संग्रहालयाला ती द्यायची वेळ आली, आणि ही मुलगी ते ओळखून बसली होती. यावर साधा उपाय होता. गुपचूप एक डिस्क आणायची, त्यावर उतरवायचं, ही घ्या दुसरी प्रत म्हणायचं. आणि गंमत म्हणजे यांनी तेवढं केलंसुद्धा! तिथेच थांबले असते तर नुसते मूर्ख ठरले असते, तेही कुणाला न कळता. पण यांना टाळ्या हव्या होत्या. आपणच घर पेटवायचं आणि आपणच बंब घेऊन धावायचं. डिस्क म्हातारी झाल्याची हूल आधीच उठवली होती. तेवढ्यात जिन्यात कळलं की हिच्या हातून पिशवी पडली. गोष्ट इतकी आवडली की दोनदा ऐकली. ओळखणारी मुलगीही जाणार आणि पुरावाही. सकाळी सगळ्यांच्या आधी आले, डिस्क सुरू केली आणि..."

"हे सगळे तर्क आहेत," मेहुणा म्हणाला. आता तो उभा होता. हुद्दा आड आला नाही.

"नव्या डिस्कवर प्रत्येक फाईल कधी उतरली त्याची तारीख असते. तुमच्या खणातली ती चपटी वीज आणा. मन म्हणालात ना तुम्ही? बघू तरी मनात काय आहे."

मेहुणा खुर्चीत बसला.

"एकदाच आपटली," तो म्हणाला. "दाजी, एकदाच. टेबलावर. मला वाटलं नव्हतं हिला काढाल. ओरडाल फक्त, असं वाटलं."

"गालिच्यावर पडलेली पिशवी बघून लोक हसले," मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही त्यावरून माझं तोंड बंद केलंत." ती रडत नव्हती. तिला चीड आली होती, आणि ती तिला शोभत होती.

मालकाने घसा साफ केला. असल्या प्रसंगी जे शब्द लागतात ते त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्याने पगारवाढीचा विषय काढला. नाव मोठ्या अक्षरात टाकू म्हणाला. सगळ्यांत मोठ्या, म्हणाला. दिग्दर्शकाने तिथे हरकत घेतली.

"शांतता पुन्हा जोडून देते," मुलगी म्हणाली. "त्या माणसासाठी. मग मी जाते."

"कुठे?" मालकाने विचारलं. "म्हणजे, मी फोन केले होते..."

"तुम्ही नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा फोन मेहुण्यासमोर सरकवला. "हे करतील. तिन्ही ठिकाणी. आत्ता, आणि सगळ्यांना ऐकू येईल असे."

"मी पत्र लिहितो ना," मेहुणा म्हणाला.

"तुम्हाला बोलायला आवडतं."

त्याने पहिला नंबर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. मेहुण्याने आपला हुद्दा सांगितला, मग स्टुडिओचं नाव, मग हवापाण्याबद्दल काहीतरी. वहिनींनी टेबलावर बोट आपटलं.

"त्या मुलीबद्दल," तो म्हणाला. "संकलक. ती डिस्क तिच्यामुळे मोडली नव्हती."

"मग कुणामुळे?"

"मी मोडली. मुद्दाम."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मेहुण्याच्या कपाळावरून घाम ओघळला आणि त्याने तो पुसला नाही.

"ती आहे का तिथे?" बाईने विचारलं.

"आहे."

"मग तुम्ही कशाला बोलताय? तिला द्या."

मेहुण्याने फोन उचलून पुढे केला. मुलीने तो घेतला, त्याच्याकडे पाठ वळवली आणि बोलू लागली.